इंगळे काकांची गाठीची बिस्किटं

ओव्हनमध्ये बिस्किटं असताना आमच्या घरमालकांच्या घरात बोलायला बंदी आहे. कुजबुजसुद्धा चालत नाही. दूधवाला आला तर कॅन खाली ठेवून हाताची घडी घालून उभा राहतो. गॅसवाला सिलिंडर आपटत नाही, बाळ पाळण्यात ठेवावं तसा टेकवतो. एकदा मतदार यादीचं काम घेऊन एक गुरुजी आले आणि दारातूनच म्हणाले, "घरात किती माणसं?" काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्ची दाखवली. गुरुजी बसले. मांडीवर पिशवी घेऊन, ओव्हनकडे बघत, निमूट बसून राहिले. पुष्कळ वेळाने काकांनी बटण बंद केलं आणि म्हणाले, "आता इचारा. कोर्ट उठलं."

मी हे घर बघायला आले तो नेमका रविवार होता. बुलढाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम मिळालं होतं, बरोबर माझी मुलगी सई होती, आणि कुणीतरी सांगितलं होतं की इंगळ्यांची वरची खोली रिकामी आहे. मी दार वाजवलं आणि "भाड्याने..." एवढंच बोलले, तोच आतून ट्रॅफिक पोलिसासारखा एक हात वर झाला. हातामागून काका आले. पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरे केस, आणि मिशा मात्र काळ्याभोर. त्यांनी आम्हाला सतरंजीवर बसवलं. समोर ॲल्युमिनियमचा जुना गोल ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. आम्ही तिघं त्या काचेकडे बघत बसलो.

मग त्यांनी सांडशीने झाकण उचललं, वाकले, आणि एकेका बिस्किटाचा चेहरा पाहू लागले.

"हा सुटला," ते म्हणाले. "हा टिकला. हा टिकला. हाबी सुटला."

मला वाटलं ते मोजताहेत. नीट पाहिलं तेव्हा कळलं, प्रत्येक बिस्किट म्हणजे कणकेच्या दोरीची मारलेली एकेक गाठ होती, आणि काही गाठी धगीने उलगडल्या होत्या.

"सुटला म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"पुराव्याअभावी निर्दोष. सुटलेला खाऊन टाकायचा, टिकलेला डब्यात ठेवायचा." त्यांनी सुटलेलं एक बिस्किट सईपुढे धरलं. सई तेव्हा माझ्याशिवाय कुणाशी बोलत नव्हती, कुणाच्या हातचं काही घेतही नव्हती. ती माझ्या ओढणीमागे गेली. काकांनी आग्रह केला नाही. बिस्किट सतरंजीच्या कडेला ठेवलं आणि माझ्याकडे वळले. थोड्या वेळाने मला मागून कुरकुर ऐकू आली.

"केस चालू हाये काय तुही?" त्यांनी एकदम विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सारी नोकरी कोर्टाच्या दरवाज्यात गेली, बाई. तारीखवालं माणूस घरात शिरताना पह्यले घड्याळ पाह्यते. तू बी पाह्यलं. खोली वर हाये, नळ खाली हाये. हरकत?"

"हरकत?" हा त्यांचा शब्द. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो येतो. "चहात साखर कमी हाये. हरकत?" उत्तरासाठी ते थांबतात मात्र कधीच नाहीत.

खोली मिळाल्याचं मी दुसरबीडला आईला फोनवर कळवलं. आईचा पहिला प्रश्न होता, "मालक कोणाचे हायेत?" मी म्हणाले, "कोर्टातले." आईला ती जात माहीत नव्हती, पण वजनदार वाटली असावी. पुढे ती राहायला आली तेव्हा काकांच्या पुढच्या खोलीतली बुद्धाची मूर्ती बघून उंबऱ्यात क्षणभर थांबली. मग आत गेली, बसली, आणि बिस्किट घेतलं. जाताना पदरात बांधूनही नेलं.

काका कोर्टात शिपाई होते आणि त्यांचं काम पुकाऱ्याचं. केस निघाली की दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं हाळी देऊन बोलवायची. स्टँडवर चहा पीत बसलेला पक्षकार त्यांचा आवाज ऐकून कप टाकून पळत यायचा, असं ते स्वतः सांगतात. निवृत्तीनंतर लवकरच काकू गेल्या. घरात काकूंचा ओव्हन राहिला, आणि त्यांची ही गाठीची बिस्किटं, जी काकू सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना शेजारच्या हैदराबादकडच्या एका बाईकडून शिकल्या होत्या. काकांनी दोन्ही ताब्यात घेतलं.

कणीक, थोडा रवा, तूप, गुळाचं दाट पाणी. सुंठ, मिरे, बडीशेप, ओवा, सगळं खलबत्त्यात जाडसर कुटलेलं. गोळा मळून झाला की ओल्या फडक्याखाली मुरत ठेवायचा. मग पोळपाटावर तळहाताने लांब दोरी वळायची, पेन्सिलीहून बारीक, आणि तिची गाठ मारायची. वरून तीळ. ऐकायला सोपं आहे. गाठ ढिली बसली तर भाजताना उलगडते, आवळली तर मधे कच्ची राहते.

"धरून राह्यली पाह्यजे, पण गळा नाही दाबला पाह्यजे," काका म्हणतात.

सगळा कारभार कोर्टाच्या भाषेत. करपलेल्या बिस्किटाला सक्तमजुरी होते, म्हणजे त्याला दिवसभर चहात बुडावं लागतं. डब्यात ठेवताना मोडलं ते माफीचा साक्षीदार. आणि भाजताना लाईन गेली की स्थगिती. आमच्याकडे स्थगिती वारंवार मिळते. अशा वेळी काका अर्धवट भाजलेल्या बिस्किटांसमोर मांडी घालून बसून राहतात. एकदा मी म्हणाले, "गॅसवर कढईत भाजून घेऊ." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी आरोपीला मागच्या दाराने पळवायचं सुचवलं होतं.

आता माझ्या केसचं सांगायला हवं.

संतोषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझ्यावर कधी हात उचलला नाही. हे आधीच सांगते, कारण माझ्या वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला होता आणि उत्तर ऐकून तो जरा हिरमुसला होता. संतोष वस्तू फेकायचा. लोणारला त्याचं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे घरात फेकायला वस्तूंची कमी नव्हती. भाजीत मीठ जास्त झालं, ताट गेलं. गिऱ्हाइकाशी वाजलं, तांब्या गेला. फेकून झालं की तोच उचलायचा, पोचे हाताने सरळ करायचा, आणि रात्री मला न मागता पाणी आणून द्यायचा. मी वर्षानुवर्षं त्या पाण्यावर राहिले. मग एक दिवस मिक्सरचं भांडं सईच्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर आपटलं. सई रडली नाही. भिंतीच्या खळग्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ती माझ्याशिवाय कुणाशी बोलेना. आठवड्याच्या आत मी तिला घेऊन बुलढाण्याच्या एसटीत बसले.

संतोषने कोर्टात अर्ज केला की सई त्याला मिळावी.

वकील म्हणाले, जजसाहेब मुलीला चेंबरमध्ये एकटीला बोलावून विचारणार, कुणाजवळ राहायचं. तेव्हा तिची तयारी करून घ्या. मी रोज लॅबमधून आले की सईला समोर बसवायची. "म्हण, मला मम्मीजवळच राहायचं आहे." सई म्हणायची. "मोठ्याने म्हण." ती तेवढ्याच आवाजात म्हणायची. "साहेबांनी विचारलं पप्पा कसे आहेत, तर काय सांगशील?" ती गप्प. मी पुन्हा विचारायची. माझा आवाज चढायचा. आणि आवाज चढला की ती भिंतीकडे बघायची, भिंतीवर काही नसताना.

एका संध्याकाळी जिन्यात काका उभे होते.

"पोपट पढवून राह्यली काय व?"

"वकिलांनी सांगितलंय."

"शिकवलेलं लेकरू मले दरवाज्यातूनच समजे. ते साहेबाच्या तोंडाकडे नाही पाह्यत, दरवाज्याकडे पाह्यते, आई उभी हाये का म्हणून. साहेबालेबी समजते."

"मग काय करू? ती आत जाऊन काहीच बोलली नाही तर?"

"नाही बोलली तर नाही बोलली. तिले खाली पाठवत जाय. हरकत?"

हरकत होती. तारीख जवळ आली होती आणि हा माणूस मला मुलीला कणीक तिंबायला पाठव म्हणत होता. पण माझं शिकवणं फुकट चाललं होतं हेही मला दिसत होतं. मी पाठवलं.

ज्या घरात बोलायला बंदी होती, तिथेच माझी मुलगी बोलायला लागली. तिथे तिला कुणी काही विचारतच नव्हतं. काका दोरी वळायचे, ती दोरी वळायची. काका गाठ मारायचे, ती बघून मारायची. ओव्हन चालू असला की दोघं काचेपुढे बसायची. एकदा मी नळावर बादली भरत होते, आणि आतून तिचा आवाज आला.

"आबा, हा सुटला."

बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही.

"पाहू," काका म्हणाले. "हाव. सुटला. खाय."

बस, एवढंच. जणू ती रोजच बोलते.

तारखेच्या दिवशी काकांनी इस्त्रीचे कपडे घातले आणि बिस्किटांचा डबा घेतला. आम्ही तिघं चालतच निघालो. वाटेत ते सईला रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याची जुनी प्रकरणं सांगत होते. कोर्टाचं फाटक आलं तशी त्यांची चाल मंदावली. ओळखीचे लोक नमस्कार करत होते, ते मान हलवत होते. कोर्टाच्या खोलीपुढच्या व्हरांड्यात दारापाशी बाक होता, तिथे जागा होती. काका तिथे बसले नाहीत. पार टोकाच्या बाकावर जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून.

संतोष आला. वाळला होता, दाढी वाढलेली. सईला बघून त्याने हात अर्धा वर केला. सईने माझी ओढणी मुठीत धरली, पण मागे लपली नाही. तो समोरच्या बाकावर बसला आणि गुडघ्यांवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिला.

नावं पुकारली गेली. दारात आता तरुण शिपाई होता, त्याने मोबाईल खिशात ठेवत पुटपुटल्यासारखं पुकारलं. मला माझं नाव दुसऱ्यांदा ऐकू आलं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि डबा छातीशी धरला होता. मला वाटलं, पुकाऱ्याची दशा बघून त्यांना वाईट वाटलं असेल.

कोर्टातल्या एक बाई आल्या आणि सईचा हात धरून तिला चेंबरमध्ये घेऊन गेल्या. दार लागलं.

मी रोज लोकांच्या शिरा शोधते. घाबरलेल्या माणसाच्या शिरा आत पळतात हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी माझ्या हातात सुई खुपसली असती तरी रक्त आलं नसतं. मी दाराकडे बघत होते आणि आतून काही ऐकू येत नव्हतं. ना साहेबांचा आवाज, ना तिचा. ती बोलत नाहीये, मला वाटलं. ती भिंतीकडे बघतेय. मी मान फिरवली, काकांना विचारावं म्हणून.

काका टोकाच्या बाकावर नव्हते. ते संतोषच्या शेजारी बसले होते आणि त्याच्यापुढे डबा उघडून धरला होता. संतोष नको म्हणत होता. काकांनी काहीतरी सांगितलं. संतोषने बिस्किट घेतलं.

 ज्या बिस्किटांच्या गाठी माझ्या मुलीने मारल्या होत्या, ती हा माणूस त्याला खाऊ घालत होता, आणि तेही आत्ता.

दार उघडलं. सई बाहेर आली आणि माझ्याजवळ येऊन बसली. काय विचारलं, काय सांगितलंस, मी एक शब्द विचारला नाही. तिच्या बोटांना पेढ्याचा वास येत होता. साहेबांनी दिला असावा.

नंतर आम्हाला आत बोलावलं. साहेब कोरड्या आवाजात म्हणाले, मुलगी स्पष्ट बोलली आहे. तिला आईजवळ राहायचं आहे. वडिलांना भेटायचं आहे. "तिची एक अट आहे. ती म्हणते, पप्पांना अशा खोलीत भेटेन, जिथे फेकायला काही नसेल."

 संतोषच्या वकिलाने चष्मा काढला आणि पुसायला लागला. संतोष खाली बघत होता.

ताबा माझ्याकडे राहिला. दर रविवारी वडिलांची भेट. कुठे, ते दोघांनी ठरवा, साहेब म्हणाले. संतोषचे वकील म्हणाले, लोणारला, घरी. माझे वकील म्हणाले, मुळीच नाही, कोर्टाच्या आवारात, बाहेरच्या बाकावर. दोघांची जुंपली. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"साहेब, माह्या घरी."

सगळे माना वळवून बघायला लागले. काका उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते, हात बांधून.

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं. ते नवीन होते.

"देवराव इंगळे, साहेब. निवृत्त शिपाई. बाई माह्या घरी भाड्यानं राह्यतात. समोरची खोली मी रिकामी करून देतो."

साहेबांनी दोन्ही बाजूंकडे पाहिलं. संतोषने मान डोलावली. मला ओरडून नाही म्हणायचं होतं. सई माझ्याकडे बघत नव्हती, ती दाराकडे, काकांकडे बघत होती. मीही मान डोलावली.

आम्ही घरी आलो. सई वर गेली आणि मी काकांच्या दारात उभी राहिले.

"तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात?"

"शिपाई कोणत्याच बाजूचा नसते."

"मग मला खोली सोडावी लागेल. ज्या माणसापासून मी तिला घेऊन आले, त्याला तुम्ही घरात आणताय. मला विचारलंसुद्धा नाही."

 त्यांनी परातीत कणीक घेतली, तूप घातलं, चोळायला लागले. मला वाटलं विषय संपला. मी वळले, तेव्हा ते बोलायला लागले, परातीकडे बघत.

"माही एक पोरगी हाये. नंदा. तिचीबी केस ह्याच कोर्टात होती. मी दरवाज्यात, आन् आत तिची केस. साहेबानं मले बोलवून सांगतलं, देवराव, त्या दिवशी रजा टाक. मी म्हणलो, साहेब, नियम साऱ्याले सारखा. मले त्याच्यात मोठेपणा वाटला. केस निघाली. मी माह्याच पोरीचं नाव पुकारलं. तीन वेळा. हळू पुकारता आलं असतं. नाही पुकारलं. नेहमी पुकारो तसंच पुकारलं, स्टँडापर्यंत आवाज जाईन असं. ती बाकावरून उठली आन् माह्याजवळून आत गेली."

कणकेचा गोळा झाला होता, तरी ते मळत होते.

"लेकरू बापाकडे गेलं. भेट कोर्टाच्या बाकावर ठरली, दरवाज्याजवळच्या. एका बाजूले बेड्या घातलेले आरोपी, दुसऱ्या बाजूले पोलीस, आन् मधात माही पोरगी तिच्या लेकराले केळं सोलून देऊन राह्यली. ते लेकरू माह्याकडे पाहे. आबा म्हणून हात करे. मी ड्युटीवर होतो. हललो नाही. मंग ते म्हणे, तिथं नाही यायचं, तिथं भेव वाटते. यायचंच बंद झालं. नंदानं मले येकच इचारलं. बाबा, रजा काऊन नाही टाकली? मंग नंदा नाशिकले गेली."

"आणि आता?"

"आता काय. फोन असते तिचा, मावशीले. बरे हायेत काय, इचारते. बरे हायेत, मावशी सांगते."

मी खोली सोडली नाही. विरघळले वगैरे नाही, राग होताच. पण बाकाचा विचार डोक्यातून जाईना.

पहिल्या रविवारी सकाळपासून काकांनी पुढची खोली रिकामी करायला घेतली. रेडिओ आत गेला. फुलदाणी, पितळी तांब्या, अडकित्ता, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळसुद्धा. बुद्धाची मूर्ती त्यांनी कपाटावर चढवली. "हे फेकायची त्याची हिंमत नाही," म्हणाले, "पण पोरीच्या हुकमात अपवाद नाही." बिस्किटांना लागतं तेवढंच उरलं: सतरंजी, दोन पोळपाट, परात, ओव्हन आणि ताटल्या.

संतोष लोणारच्या बसने आला. हातात भली मोठी बाहुली होती. काकांनी ती बाहेरच ठेवून घेतली आणि म्हणाले, "हात धुवा." मी जिन्यात बसले. तिथून खिडकीतून खोली दिसते.

सई एका पोळपाटावर, संतोष दुसऱ्यावर. मधे काका. संतोषची दोरी तुटायची. पुन्हा वळायची, पुन्हा तुटायची. कशीबशी त्याने ताटलीभर गाठी मारल्या, काकांनी त्या ओव्हनमध्ये ठेवल्या, आणि बोलणं बंद झालं. तिघं काचेपुढे बसली. मध्येच लाईन गेली. "स्थगिती," काका म्हणाले. बापलेक अंधुक उजेडात थंड होत चाललेल्या ओव्हनसमोर बसून राहिली. भेटीची वेळ संपली. कुणी उठलं नाही. लाईन आली, ओव्हन पुन्हा तापला.

झाकण उघडलं तेव्हा संतोषच्या सगळ्या गाठी सुटल्या होत्या. एकही धरली नव्हती. नुसत्या वेड्यावाकड्या काड्या.

मी त्याचा जबडा पाहिला. तो जबडा मला माहीत आहे. कानाखालची ती एक शीर फुगते. त्याने फडक्याने ताटली उचलली. ताटली वर आली, खांद्याच्या वर. मी जिन्यातून उठले. सई आवाज न करता सरकली आणि काकांच्या पाठीमागे गेली. काका बसल्या जागी बसून राहिले. हात पुढे केला नाही, शब्द बोलले नाहीत. फक्त पाठ थोडी रुंद केली.

संतोषने सईला सरकताना पाहिलं.

ताटली तिथेच थांबली. मग खाली यायला लागली, इतकी सावकाश की मला वाटलं ती पोचतच नाहीये. सतरंजीवर टेकली तेव्हा आवाज झाला नाही. संतोष तिच्याजवळ खाली बसला.

पुष्कळ वेळाने सई काकांच्या मागून बाहेर आली. ताटलीतली एक काडी उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

"सुटलेला खायचा असतो, पप्पा."

त्याने खाल्ला. त्याचा जबडा कितीतरी वेळ हलत होता. मी परत पायरीवर बसले.

संतोष सुधारला असं मी म्हणणार नाही. लोणारला घरी तो काय करतो, मला माहीत नाही, आणि मी परत जाणारही नाही. पण रविवारी त्याच्या हातून अजून काही सुटून पडलं नाही. आता काका खोलीत बसत नाहीत. कणीक मळून देतात, ओव्हन लावून देतात, आणि बाहेर येऊन माझ्या खालच्या पायरीवर बसतात.

मागच्या महिन्यातला एक रविवार. आतून सईचं हसणं आलं, नंतर संतोषचं. नियम मोडला होता, ओव्हन चालू होता. मी काकांकडे पाहिलं, आता हे उठतील म्हणून. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला.

"नंदाचा नंबर हाये याच्यात. मावशीनं टाकून देला. लावून देतेस काय, पोरी?"

मी लावला, आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. उचलल्याचा आवाज आला, "हॅलो?" आणि मी फोन त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो हाताने परत माझ्याकडे ढकलला.

"मी तुमच्या बाबांची भाडेकरू," मी म्हणाले.

"बाबांना बरं नाही का?"

"बरे आहेत. इथेच आहेत. त्यांनी बिस्किटं केलीत. गाठीची."

पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते. ती कुठेतरी रस्त्याच्या कडेला थांबली असावी.

"आईची?"

"हो."

"बाबा करतात?"

"दर रविवारी."

पुन्हा गाड्या. मग ती म्हणाली, "त्यात ओवा फार पडत असेल. आई फारच घालायची. मला आवडायचा नाही, पण कधी बोलले नाही."

काकांनी ऐकलं होतं. ते पिठाचे हात पँटला पुसत राहिले. मग माझ्याकडे वाकले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"इचार तिले, मंग किती घालू?"